किल्ली कोणाकडे असते? बंद घरांच्या देखभालीला पहिली गिऱ्हाइके कशी मिळाली

राजापूर तालुक्याच्या किनारपट्टीवरच्या एका गावात एका जोडप्याने बंद घरांची देखभाल करण्याचा व्यवसाय सुरू केला, त्याचे हे प्रकरण. ओळख पटू नये म्हणून गावाचे नाव दिलेले नाही, घरांचे आणि नात्यांचे काही तपशील बदलले आहेत आणि रकमा जवळच्या आकड्यांत दिल्या आहेत. नवरा विजेची कामे करतो म्हणून गावात त्याला सगळे वायरमन म्हणतात, इथेही तेच ठेवू. बायको महिला बचत गटाचा हिशेब लिहिते. तिला वहिनी म्हणू, कारण अर्धा गाव तिला तसेच म्हणतो.

पार्श्वभूमी

वायरमन बरीच वर्षे ठाण्यात होते. एका मोठ्या गृहसंकुलाचे पंप, टाक्या, जिन्यातले दिवे, गळती हे सगळे त्यांच्या अंगावर. २०२० च्या टाळेबंदीत ते गावी आले, थोडे दिवस परत गेले आणि वडिलांचे आजारपण निघाल्यावर कायमचे गावीच राहिले. सुरुवातीला मिळेल ते काम घेतले: वायरिंग, नळजोडणी, पंप दुरुस्ती. मे महिन्यात आणि गणपतीच्या आधी हाताला उसंत नाही, बाकीचे महिने मात्र शुकशुकाट.

गावात घरे भरपूर, माणसे कमी. हे काही एकट्या या गावाचे नाही. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १६ लाख ९७ हजार होती, ती २०११ च्या जनगणनेत १६ लाख १५ हजारांवर आली, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२ निघाल्या. पुरुष मुंबईला, हा इथला जुनाच रिवाज. आता बायकामुलेही तिकडेच असतात. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्यामुळे चाकरमान्याला चार दिवसांसाठी येणे सोपे झाले. घर विकायचे नाही, पाडायचे नाही, पण राहायचेही नाही, अशा घरांची संख्या त्यातूनच वाढली, असे माझे निरीक्षण आहे.

आणि बंद घर नुसते बंद राहत नाही. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की कौले सरकतात. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात दोन कौलांमधली बोटभर फट पुरते. पाणी आधी रिपेवर, मग वाशावर, मग भिंतीत उतरते. कुलूप असलेल्या घरात ते कोणाला दिसत नाही. दाराच्या चौकटीला वाळवी लागते. विहिरीवरचा पंप महिनोन्‌महिने न फिरल्याने जाम होतो. उंदीर वायरी कुरतडतात. विजेचे बिल ओटीवर पडून राहते, थकबाकीत जोडणी तुटते आणि मालकाला ते कळते गणपती आणायच्या आदल्या संध्याकाळी. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा किती छपरे उडाली हे काही मालकांना मुंबईत बसून आठवडाभर कळले नव्हते.

वायरमननी हे सगळे डोळ्यांनी पाहिले होते. ठाण्यात एका संकुलाची देखभाल करायचो, इथे अख्ख्या गावाची करू, असा सरळ विचार. दर महिन्याला घर उघडायचे, हवा खेळवायची, पंप फिरवायचा, छप्पर बघायचे, फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायचे आणि महिन्याचे ठरावीक पैसे घ्यायचे.

पहिला प्रयत्न आणि त्यातून निघालेली अडचण

२०२२ च्या दिवाळीनंतर त्यांनी व्हिजिटिंग कार्डे छापली, एसटीच्या थांब्यावर फ्लेक्स लावला आणि मुंबईला गावाच्या ग्रामस्थ मंडळाच्या सभेत उभे राहून योजना सांगितली. सभेत टाळ्या पडल्या. अध्यक्षांनी ‘तरुणांनी असे पुढे यायला हवे’ असे दोन शब्द सांगितले. मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर अंगठ्यांची रांग लागली.

मग फोन येऊ लागले, पण कसे? ‘अरे, तू तिकडून जातोसच, तर जरा आमच्या पडवीकडे नजर टाक.’ ‘मागच्या दाराची कडी बघ रे, मी मे महिन्यात आलो की बसू आपण.’ वायरमन जात होते. संकोच होता, आणि आज नाही तर उद्या हेच लोक गिऱ्हाईक होतील ही आशाही होती. ‘तुझे किती द्यायचे?’ असे एखाद्याने विचारलेच, तर तोंडातून ठरलेले वाक्य निघायचे, ‘द्या हो काय वाटेल ते.’ त्यावर कोणी शंभराची नोट दिली, कोणी मिठाईचा पुडा आणला, आणि बहुतेकांना काहीच वाटले नाही.

मार्चमध्ये शिमग्याला चाकरमानी आले. पालखी घरोघर फिरली. त्या चार दिवसांत वायरमनना सगळ्यांनी चहा पाजला, पाठीवर हात ठेवला. महिन्याचे पैसे द्यायला तयार झालेले एकही घर नव्हते. वहिनींनी बचत गटाच्या वहीच्या मागच्या पानावर पेट्रोलचा खर्च लिहिला होता. तो त्यांनी शिमगा संपल्यावर नवऱ्यापुढे ठेवला.

इथे बहुतेक नवे व्यावसायिक ‘लोकांना किंमतच नाही’ म्हणून मोकळे होतात. वहिनी तसे म्हणाल्या नाहीत. दोघांनी बसून कोण काय म्हणाले ते आठवून पाहिले, तेव्हा तीन वेगवेगळ्या गाठी दिसल्या.

पहिली गाठ घरच्या माणसाची. स्वतःच्या वाडीत वायरमन कोणाचे पुतणे, कोणाचे मेहुणे. पुतण्याला महिन्याचे पैसे ठरवून देणे म्हणजे नात्यात परकेपणा आणणे, असे समोरच्याला प्रामाणिकपणे वाटते. तो कंजूष असतोच असे नाही.

दुसरी गाठ अशी की विकायचे ते दिसत नाही. देखभाल चोख झाली तर काहीच होत नाही, आणि काहीच न होण्याचे पैसे दर महिन्याला द्यायला कोणाचा हात उचलेल?

तिसरी गाठ किल्लीची, आणि ती सर्वांत अवघड. या भागात बंद घराची किल्ली शेजारच्या काकूंकडे, वाडीतल्या आजीकडे किंवा जुन्या गड्याकडे असते. पिढ्यान्‌पिढ्याचा विश्वास असतो तो. ती काढून घेऊन वायरमनकडे द्यायची, तर मालकाला त्या माणसाला दुखवावे लागणार. त्यापेक्षा कौले फुटलेली परवडली.

समोर असलेले पर्याय

बचत गटाच्या ओळखीतून ते माझ्याकडे बोलायला आले, तेव्हा त्यांच्या डोक्यात चार-पाच वाटा होत्या.

एक, जाहिरात वाढवायची: फेसबुकवर रील, गूगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद, गाड्या थांबतात तिथे आणखी फ्लेक्स. नोंद फुकट होते, ती करून टाकावी, यात वाद नव्हता. पण गावच्या घराची किल्ली कोणी रील बघून देत नाही. तिथे ओळख लागते, आणि ओळख तर होतीच. तेव्हा जाहिरातीने ही गाठ सुटणारी नव्हती.

दोन, कर्ज काढून जोरात उतरायचे: गवत कापायचे यंत्र, उच्च दाबाचा पाण्याचा फवारा, एक टेम्पो, दोन माणसे. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते, पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात याहून मोठे. वायरमनना ही वाट मोहवत होती. माझा विरोध होता. गिऱ्हाईक एकही नसताना हप्ता सुरू झाला की माणूस मिळेल त्या भावाला काम घेतो, आणि पहिल्या वर्षी लागलेला भाव पुढे उठत नाही.

तीन, पहिले तीन महिने सगळ्यांना फुकट सेवा, मग पैसे. शहरातल्या व्यवसायांत हे चालते म्हणतात. इथे ते नकळत झालेच होते आणि त्याचा परिणाम समोर होता. फुकट फेऱ्यांनी वायरमनची किंमत शून्य रुपये अशी ठरवून टाकली होती.

चार, गावच्या घरांचा नाद सोडून बाहेरच्यांनी बांधलेले बंगले धरायचे. पुण्या-कोल्हापूरकडच्या लोकांची समुद्राकाठी अशी घरे आहेत, पैसे द्यायला ते कुरकुरत नाहीत. पण त्यांना चोवीस तास राहणारा माणूस हवा असतो, पाहुण्यांचे जेवणखाण हवे असते. तो वेगळाच धंदा झाला. पुढे गूगलच्या नोंदीवरून असे एक काम आलेही. एक हंगाम करून वायरमननी सोडून दिले.

पाचवी वाट वहिनींची. त्या म्हणाल्या, आपण घरांची यादी मालकाच्या नावाने केली आहे, ती किल्ली कोणाकडे आहे त्या नावाने करून बघू.

यादी तशी केली, आणि चित्रच पालटले. पाच-सहा वाड्यांमधली सत्तरच्या आसपास घरे, पण किल्ल्या जेमतेम डझनभर माणसांकडे. त्यांतली बरीच साठी-सत्तरी ओलांडलेली. हे लोक आपले प्रतिस्पर्धी आहेत असे वायरमन धरून चालले होते. वहिनींना बचत गटाच्या बैठकांमुळे वेगळेच ठाऊक होते. हे लोक थकले होते, आणि ते सांगायचे कोणाला, हा त्यांचा प्रश्न होता.

काय केले

सुरुवात स्वतःच्या वाडीपासून मुद्दाम केली नाही. पलीकडच्या वाडीत एक आजी आहेत, त्यांच्या माजघरातल्या खुंटीला पाच घरांच्या किल्ल्या. वहिनी आणि वायरमन दोघे त्यांच्याकडे गेले. व्यवसायाचे काही बोलायच्या आधी आजींनीच सुरू केले, ‘माज्यान आता व्हत नाय रं. गुडघे गेले. त्या खालच्या घराकडे जायचा म्हंजे पाखाडी उतरायची, पावसात शेवाळ. आनि काय झाला तर बोल कोनाला? मला.’

पैसे न घेता त्या हे काम वर्षानुवर्षे करत होत्या. जबाबदारी होती, अधिकार कसलाच नाही. कौल फुटले तर दुरुस्त करून घ्यायचे की नाही, हे मालकाला फोन करून विचारायचे. तो म्हणणार ‘बघू मे महिन्यात’. आणि मे महिन्यात घर गळले म्हणून नाराजी आजींवर.

वायरमननी किल्ली मागितली नाही, आणि या प्रकरणातला हा पहिला निर्णायक क्षण. किल्ल्या खुंटीलाच राहतील, घर उघडायच्या दिवशी मी तुमच्याकडून घेईन, संध्याकाळी तुमच्या हातात परत देईन, वहीत सही करीन, असे ते म्हणाले. आजींनी लगेच होकार दिला नाही. दोन दिवसांनी त्यांनी वहिनींना बोलावले, आणि त्यांच्यासमोरच डोंबिवलीला फोन लावला. मालक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, पण आजींच्या तोंडी अजून एकेरीच. ‘तुज्या घरात मी आता जायची नाय. ह्याला ठेव. पैशे घेल, पन बघल.’

एवढ्या एका वाक्यात मंडळाच्या सभेत अर्धा तास बोलून जे झाले नव्हते ते झाले. ‘पैशे घेल’ हे आजींनी आधीच सांगून टाकले, त्यामुळे वायरमनना ते सांगावे लागले नाही.

तरी आकडा बाकी होता. मालकांनी विचारले, तेव्हा वायरमन पुन्हा ‘द्या हो’ म्हणणार इतक्यात वहिनींनी फोन घेतला. त्यांनी घरी बसून दर लिहून ठेवले होते. महिन्याच्या वर्गणीची कल्पना त्यांनी बाजूला ठेवली होती. विकायचे ते एकच काम, आणि तेही तारखेचे: आगोट. पावसाआधी छपराची पाहणी, सरकलेली कौले बसवणे, पन्हळी साफ करणे, पावसाच्या बाजूच्या पडवीला ताडपत्री, मेन स्विच आणि वायरिंगची तपासणी, पंप फिरवणे, अंगणातले गवत. मजुरीसह अडीच हजार रुपये, कौले आणि इतर सामान बिलाप्रमाणे. मालकांनी दोन हजार म्हटले. वहिनी म्हणाल्या, पन्हळी आणि गवत वगळले तर दोन हजारांत होईल. मालक हसले आणि अडीच हजार यूपीआयने पाठवले.

भाव कमी करायचा तर काम कमी करायचे, हे कोणत्याही प्रशिक्षणात न जाता वहिनींना कसे सुचले, असे मी त्यांना विचारले. बचत गटाच्या पापडाची ऑर्डर घेताना किलोच्या भावात पाव किलो जास्त मागणारे फार भेटतात, एवढेच त्या म्हणाल्या.

मग फोटोंचा प्रश्न आला. पहिल्याच घरात छपराखाली एक वासा काळा पडलेला निघाला. फोटो पाठवावा की नाही? पाठवला तर ‘घाबरवून काम काढतो’ असा संशय येणार, न पाठवला तर पावसात वासा मोडला की दोष येणार. जो दोष शोधतो तोच दुरुस्तीचे पैसे घेतो, तेव्हा हा संशय गैर म्हणता येत नाही. त्यांनी ठरवले ते असे: ५०० रुपयांपर्यंतची दुरुस्ती न विचारता करायची आणि हिशेब द्यायचा, त्याहून मोठे काम असेल तर फोटो आणि सुताराचा किंवा गवंड्याचा थेट नंबर मालकाला द्यायचा. त्या कामात वायरमनचा वाटा नाही. मोठ्या कामांतली कमाई त्यामुळे सुटली. पण त्या वाशाचे काम झाल्यावर डोंबिवलीच्या गृहस्थांनी आपल्या दोन चुलत भावांना वायरमनचा नंबर दिला. त्यांच्या किल्ल्या त्याच खुंटीला होत्या.

२०२३ ला पाऊस ११ जूनला रत्नागिरीपर्यंत आला आणि पुढे दोन आठवडे तिथेच रेंगाळला. ‘यंदा राहू दे’ म्हणणाऱ्या काहींना त्यात विचार बदलायला वेळ मिळाला. आगोटीची सात घरे झाली. सातही पलीकडच्या वाड्यांतली, स्वतःच्या वाडीतले एकही नाही.

किल्ली सांभाळणाऱ्यांना काही द्यायचे का, यावर घरात बरीच चर्चा झाली. आजींना विचारले तेव्हा त्या रागावल्याच, ‘किल्लीचे पैशे घेतले म्हनून सांगतील ना माज्या नावान.’ त्यांच्या घराच्या जुन्या वायरी वायरमननी बदलून दिल्या, त्याला त्यांनी हरकत घेतली नाही. दुसऱ्या एका वाडीतला रिक्षावाला मात्र चार घरांच्या किल्ल्या सांभाळतो आणि दर घरामागे ठरावीक पैसे घेतो, मालकांना ते माहीत आहे. मला यात काही वावगे वाटत नाही. मालकाला ठाऊक नसते तर वाटले असते.

भाऊबंदकीचे घर

हे सगळे सुरळीत चालले असते तर प्रकरण लिहिण्यासारखे उरले नसते. जुलैमध्ये एका चार भावांच्या सामायिक घराचे काम आले. धाकट्याने फोन केला, पैसे पाठवले, किल्ली शेजारी होती. घर उघडून साफसफाई झाली, मागच्या खोलीतला कुजलेला जुना पलंग धाकट्याच्या सांगण्यावरून बाहेर काढला. गणपती त्या वर्षी १९ सप्टेंबरला होते. थोरले भाऊ दोन दिवस आधी आले आणि अंगणात पलंग बघून त्यांचा पारा चढला. ‘माझ्या बापाचा पलंग बाहेर काढायला तुला कोणी सांगितले?’ भांडण भावांमधले, पण ते वायरमनच्या डोक्यावर, भर वाडीत झाले. किल्ली देणाऱ्या काकूंनाही ऐकून घ्यावे लागले, आणि व्यवसायाच्या दृष्टीने ते जास्त महागात पडणारे होते. एक काकू दुखावल्या म्हणजे दहा खुंट्यांना बातमी.

त्या रात्री दोघांनी तीन गोष्टी ठरवल्या. सामायिक घर असेल तर कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर सगळ्या हिस्सेदारांचा होकार दिसला पाहिजे. तो नसेल तर बाहेरून छप्पर आणि अंगण बघू, कुलूप उघडणार नाही. आणि घरातली कोणतीही वस्तू, कितीही कुजकी असो, जागची हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी वायरमन काकूंकडे जाऊन चूक आपली होती असे चार लोकांसमोर म्हणाले. थोरल्या भावाकडे ते गेले नाहीत. माझ्या मते हा क्रम बरोबर होता.

या नियमाने पुढच्या वर्षी दोन-तीन कामे हातची गेली. उलट एका कुटुंबात, वर्षानुवर्षे एकमेकांशी न बोलणाऱ्या भावांनी छपरासाठी गट तयार केला. तो गट पुढे कोणत्या दिशेने गेला हे मी विचारले नाही.

निष्पत्ती

पहिल्या वर्षी आगोटीच्या सात घरांपैकी पाचांनी पावसाळ्यातली महिन्याची फेरीही घेतली, एका फेरीचे ५०० रुपये. जे सुरुवातीला विकले जात नव्हते, ते आगोटीच्या फोटोंनंतर मालकांनी स्वतःहून मागितले. वहिनींनी गणपतीची तयारी हे तिसरे काम जोडले: घर धुणे, टाकी साफ करणे, आधीच्या महिन्यात वीजबिल थकले नाही ना ते बघणे, गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात तिथे, पाट वेळेवर पोचवणे. मुंबईहून या कामासाठी येणारे फोन बहुतेक बायकांचे असतात आणि त्या वहिनींशीच बोलतात. कार्डावर मात्र अजून एकट्या वायरमनचे नाव आहे. मी दोनदा टोकले, दोघेही हसण्यावारी नेतात.

२०२४ च्या गणपतीपर्यंत घरे वीसच्या पुढे गेली. स्वतःच्या वाडीतले पहिले घर त्याच वर्षी आले, तेही डोंबिवलीच्या गृहस्थांच्या व्याह्यांचे. पुतण्याला पैसे देणे अवघड होते, पण व्याह्यांनी ज्याला पैसे दिले त्याला देणे जमले. मंडळाच्या सभेतून थेट आलेले गिऱ्हाईक आजवर एक.

पैशाच्या बाजूने बघायचे तर पहिल्या वर्षी यावर घर चालले नाही. वायरिंगची कामे चालू ठेवावी लागली. उद्यम नोंदणी केली, ती ऑनलाइन आणि विनाशुल्क होते. जीएसटीचा प्रश्न सेवांसाठीच्या २० लाखांच्या उलाढालीपर्यंत येत नाही, आणि ते फार दूर आहे. कर्ज आजही नाही. गवत कापायचे यंत्र दुसऱ्या हंगामाच्या कमाईतून घेतले.

काय वेगळे करता आले असते

फ्लेक्स आणि कार्डांचा खर्च गेला, त्याचे मला फारसे वाटत नाही, रक्कम लहान होती. शिमग्यापर्यंतच्या फुकट फेऱ्या मात्र महागात पडल्या. ज्यांच्याकडे त्या केल्या, ती घरे आजही सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी पैसे देतात. पहिल्या फोनलाच ‘आगोटीत करून देतो, एवढे होतील’ असे म्हणता आले असते. गेले असते तर नाते नव्हे, एक फुकट काम गेले असते. वायरमनना हे पटत नाही. त्या फेऱ्यांमुळे घरांची आतली स्थिती कळली आणि दर ठरवता आले, असे ते म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण तेवढी माहिती चार घरांत मिळाली असती.

मंडळाकडे ते जाहिरात करायला गेले. त्याऐवजी समितीतल्या एखाद्याच्या घराचे ठरावीक पैसे घेऊन काम केले असते आणि मग त्यालाच सभेत बोलू दिले असते, तर टाळ्यांऐवजी काही हाती लागण्याची शक्यता होती.

सामायिक घराचा घोळ आधी टाळता आला असता का? कोकणात घर म्हटले की हिस्से आलेच. हे दोघे इथलेच, त्यांना हे माहीत नव्हते असे नाही. पण पैसे देणारे गिऱ्हाईक समोर आले की घर कोणाचे हे विचारायला जीभ वळत नाही, विशेषतः पहिल्या वर्षी. घरपट्टीच्या पावतीवर नाव कोणाचे, एवढे विचारले असते तरी थोरल्या भावाचा पत्ता लागला असता.

सर्वांत जास्त चर्चा झाली ती आगाऊ रकमेवर. वर्षाचे पैसे एकदम घ्यावेत, असे माझे म्हणणे होते, म्हणजे एप्रिलमध्ये मजूर आणि कौले यांची तजवीज करता येते. वहिनींनी अर्धी रक्कम आगाऊ आणि अर्धी फोटो पाठवल्यावर, असे ठेवले. २०२५ ला त्याची परीक्षा झाली. आगोटीला ३१ घरे घेतली होती, कामाचा सगळा हिशेब जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा. पण मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून वळीव धो धो कोसळू लागला आणि २५ मे रोजी मोसमी पाऊसही तळकोकणात दाखल झाला. ओल्या कौलांवर माणूस चढवणे म्हणजे जिवाशी खेळ. नऊ घरे राहिली. त्यांवर बाहेरून बसेल तिथे ताडपत्री टाकली, फोटो पाठवले आणि आगाऊ घेतलेली रक्कम परत केली. वर्षाचे पैसे एकदम घेतले असते तर परत करायला हातात राहिले नसते, हे वहिनींनी मला ऐकवले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. नवांपैकी सहा मालकांनी पैसे परत घेतले नाहीत, पुढच्या वर्षीसाठी ठेवा म्हणाले. दोन सोडून गेले. एकाच्या घराची मधली भिंत भिजली, त्यांच्याशी बोलणे अजून चालू आहे.

आता आगोटीची नोंद एप्रिलच्या मध्यापर्यंतच घेतात आणि कौलांचे काम होळीनंतर लगेच सुरू करतात. पत्र्याची घरे शेवटी, कारण ती पावसाच्या पहिल्या सरीनंतरही सावरता येतात. त्या तारखेनंतर फोन आला की वहिनी दसऱ्यानंतरची वेळ देतात. वायरमनच्या सख्ख्या चुलत्यांनी यंदा मेमध्ये फोन केला होता, त्यांनाही तीच दिली.